पडद्यावरची नामावली

मंडळी, लग्नपत्रिका छापायला टाकायची म्हणजे घरात काय गडबड उडते, ते तुम्हांला सांगायला नको. थोरल्या काकांचं नाव आधी की मामांचं? आत्याचं राहिलं तर नाही ना? एक नाव खाली-वर झालं की वर्षभर अबोला! चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावर जी नावं येतात, त्यांचंही असंच आहे. तिला श्रेयनामावली म्हणतात. ज्याचे कष्ट, त्याच्या पदरात त्याचं माप, एवढाच तिचा अर्थ. पण तंबूतल्या सिनेमात ही नावं येईपर्यंत लोक जागा शोधत, शेंगांची पुडी सोडत. आता तर मोबाइलवर बोट टेकवलं की नामावली ओलांडून थेट गोष्टच सुरू होते.

तर एकदा तिचा क्रम पाहू. आपल्याकडे पहिल्यांदा येतं सेन्सॉर मंडळाचं प्रमाणपत्र. मग निर्मितिसंस्थेचं बोधचिन्ह. प्रभातची तुतारी फुंकणारी स्त्री जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल. पुढे मुख्य नटनटी, चित्रपटाचं नाव, इतर कलावंत. त्यांच्यामागून पडद्याआडची माणसं : छायालेखक, ध्वनिमुद्रक, संकलक, गीतकार, संगीतकार, निर्माता. आणि सर्वांत शेवटी दिग्दर्शक. थोडाफार फरक होतो, पण रिवाज हाच. तुम्ही म्हणाल, दिग्दर्शक एवढा महत्त्वाचा, मग शेवटी का? अहो, अभंगात कवीची नाममुद्रा कुठे येते? शेवटच्याच चरणात ना? तसंच हे. शेवटचं नाव डोळ्यांत राहतं आणि लगेच गोष्ट सुरू होते.

अमेरिकेत दिग्दर्शकांच्या संघटनेने याबद्दल नियमच घालून दिले आहेत. जॉर्ज लुकास या निर्मात्याने १९८० साली ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ हा चित्रपट काढला. दिग्दर्शक होते अर्विन कर्शनर. गोष्टीला एकदम हात घालता यावा म्हणून लुकासने त्यांचं नाव चित्रपटाच्या अखेरीस ठेवलं. संघटनेने दंड केला. लुकासने तो भरला, आणि संघटनाही सोडली!

नटांचा मान त्याहून नाजूक. १९७४ च्या ‘द टॉवरिंग इन्फर्नो’ या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन आणि पॉल न्यूमन असे दोन मोठे नट. आधी कोणाचं नाव? तोड अशी निघाली की मॅक्वीनचं नाव डावीकडे, पण खाली. न्यूमनचं उजवीकडे, पण वर. डावीकडून वाचणाऱ्याला एक पहिला, वरून वाचणाऱ्याला दुसरा! आपल्या प्राणसाहेबांची तऱ्हा निराळी. बाकीचे सगळे नट झाले की शेवटी एकटं नाव येई : ‘अँड प्राण’. पंक्तीच्या टोकालाही मानाचं पान असतं, ते असं. त्यांच्या चरित्रग्रंथालाही हेच शब्द नाव म्हणून दिले गेले.

ही नावं पूर्वी हाताने रंगवीत. अक्षरं काढणारा चित्रकार कुंचल्याने ती पाटीवर उतरवी आणि मग तिचं चित्रण होई. फिल्म सेकंदाला दीड फूट सरकते. एक पाटी वाचायला चार सेकंद दिले तर सहा फूट फिल्म गेली. नावं वाढली की फूट वाढणार, फूट वाढले की खर्च. मग कात्री कुणाच्या नावावर चालणार, हे सांगायला हवं का?

अमेरिकेतही नामावलीची कदर नव्हती. तिकडच्या थिएटरांत नावं संपेपर्यंत पडदा बंदच ठेवीत. सॉल बास या आरेखकाने १९५५ साली ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ची नामावली साध्या पांढऱ्या पट्ट्यांच्या हालचालीतून उभी केली. त्या पट्ट्यांचा शेवटी एक वाकडातिकडा हात होतो, आणि व्यसनात अडकलेल्या माणसाची ही गोष्ट आहे, हे आधीच मनात ठसतं. त्या फिल्मच्या डब्यांबरोबर सूचना गेली : नावं येण्यापूर्वी पडदा उघडा!

पण ज्यांचं नावच येत नाही, त्यांचं काय? १९४९ साली ‘महल’ आला. मधुबालाच्या तोंडचं एक गाणं घरोघरी पोचलं. तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. ते तर चित्रपटातल्या पात्राचं नाव! रेडिओकडे श्रोत्यांची विचारणा सुरू झाली, हा आवाज कुणाचा? मग रेडिओने ध्वनिमुद्रिका कंपनीकडून नाव मिळवून सांगितलं : लता मंगेशकर. पाहा, तुमच्यासारख्या ऐकणाऱ्यांनी विचारलं, म्हणून नाव बाहेर आलं.

सगळ्यांच्या वाट्याला एवढंही आलं नाही. मुंबईच्या वाद्यवृंदांत गोव्याचे कितीतरी वादक आणि संगीत-संयोजक राबले, पण पडद्यावर त्यांची नावं क्वचितच दिसली. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल यांचे ते व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त नायक एका गाण्यात आपलं नाव म्हणून याच गुरूचं नाव गातो. शिष्याने गुरूचं ऋण असं फेडलं. देशभर लोकांनी ते नाव गुणगुणलं, पण असा कुणी खराच माणूस आहे, हे किती जणांना ठाऊक होतं?

गुरुजी, बाई, तुम्हांला एक सुचवतो. यंदाच्या स्नेहसंमेलनात मुलांनाच नामावली लिहायला सांगा. राजा कोण, राणी कोण, हे ती सांगतीलच. पण पडदा कुणी ओढला, मुगुट कुणी चिकटवला, बाकं कुणी उचलली, हेही लिहवून घ्या. आणि ती नावं नाटकाआधी मोठ्याने वाचा. कोणाचं राहिलं, हे शोधताना मुलं जे शिकतील, ते वेगळ्या धड्यात शिकवावं लागणार नाही.

आणि तुम्ही, मंडळी, पुढच्या वेळी सिनेमा पाहाल तेव्हा नावं संपेपर्यंत जरा दम धरा. ती वाचायला एक-दोन मिनिटंच लागतात. ती मिळवायला मात्र कुणाचा जन्म गेलेला असतो.