सुटीत आमच्या झाडीत या
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सुटीतील आनंदाविषयी दोन शब्द बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला निवृत्त शिक्षक; देशोदेशी हिंडलेलो नाही. तेव्हा जो एक लहानसा देश मला ठाऊक आहे, त्याविषयीच बोलतो. तो म्हणजे आपले झाडीमंडळ, आणि त्यातही आपला भंडारा जिल्हा. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यापासून तो अधिकच आटोपशीर झाला आहे.

माझा पुतण्या २०२३ साली सहकुटुंब भूतानला जाऊन आला. तो चिमुकला देश भारतीय प्रवाशाकडूनही दर रात्रीस दरडोई १२०० रुपये शुल्क घेतो. पुतण्याने ते आनंदाने भरले आणि परत आल्यावर तेथील भातखाचरांची छायाचित्रे आम्हांस कौतुकाने दाखविली. आपल्या घरामागील बांध्या त्याने कधी न्याहाळल्या होत्या काय, हे विचारण्याचा मोह मी आवरला. कारण दोष माझ्याकडेही होता. गेल्या दिवाळीत पुण्याहून नात आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "आजोबा, इथं करण्यासारखं काय आहे?" तीस वर्षे 'तलावांचा जिल्हा' असे फळ्यावर लिहिणाऱ्या मला उत्तर सुचेना! इतक्या वर्षांत एकाही वर्गाला मी तलावाच्या पाळीवर नेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला घेऊन गेलो. हा मामा तलाव, असे म्हणताच तिने विचारले, "कोणाच्या मामाचा?" माजी मालगुजारी तलाव या लांब नावाचे हे सुटसुटीत रूप, हे सांगता सांगता १९५० च्या कायद्याने मालगुजारी कशी गेली, तेही सांगावे लागले. पाणी सोडण्याचे तुडूम दाखविले, जादा पाणी वाहून जाण्याची सलांग दाखविली. कमळाच्या पानांवरून कमळपक्षी तुरुतुरु चालत होता. ढिवर बंधूंनी तिला डोंग्यात बसविले आणि ताजे शिंगाडे ओंजळीत दिले. नख लावून शिंगाडा कसा सोलावा, हे शिकण्यात तिचा तास गेला. मोबाईल माझ्या खिशात होता. तिने तो मागितला नाही. मात्र गाळाने उथळ झालेला आणि बेशरमीने वेढलेला काठ पाहून तिने जो प्रश्न विचारला, त्याचेही उत्तर मजपाशी नव्हते.

पुढे पवनीस गेलो. वैनगंगेचे घाट आणि जुन्या कोटाचा दरवाजा पाहिला. तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण व नागपूर विद्यापीठ यांनी उत्खनन केले आणि प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. आंबागड, गायमुख आणि चांदपूर आपणांस ठाऊकच आहेत. नागझिऱ्यास साकोलीकडून पिटेझरीच्या वाटेने जाता येते. वाघ दिसलाच पाहिजे, असा हट्ट न धरणाऱ्यास तेथे अधिक दिसते.

परंतु पाहुण्यास खरी मौज हवी असेल, तर त्याने मंडईपर्यंत थांबावे. आपले नोकरदार बंधू भाऊबीज आटोपताच गाडी गाठतात. मंडई तर तेथूनच सुरू होते! आज या गावी, उद्या त्या गावी. दुकाने लागतात, लेकी-जावई येतात, सोयरिकीची बोलणी निघतात आणि रात्री दंडार किंवा झाडीपट्टीचे नाटक पहाटेपर्यंत चालते. नात मांडीवर झोपेल, असा माझा अदमास होता. झोपलो मी, तिने मला तिसऱ्या अंकात हलवून जागे केले.

भोजनाविषयी काय सांगावे? चिन्नोरच्या भाताचा सुगंध ओसरीपर्यंत येतो. तो उपाहारगृहात शोधू नये, घरीच रांधावा. आणि माताभगिनींनी पाहुण्यांसाठी पंचपक्वान्नांत अडकून न पडता त्यांच्यासवे पाळीवर फिरावयास निघावे, ही माझी नम्र सूचना. सुटी त्यांचीही असते.

येत्या मंडईस माझ्या गावी अवश्य यावे. निजण्याची सोय ओसरीवर होईल. पांघरूण मात्र आपले आणावे. रात्री थंडी पडते.