धर्मगुरू जेव्हा जमीनदार होतो

बिशप म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे चर्चमधला धर्मगुरू येतो. पण सोळाव्या शतकातल्या जर्मन प्रदेशात कित्येक बिशप हे चक्क राज्यकर्ते होते. आल्प्सच्या कुशीतल्या साल्झबुर्गचेच घ्या. तिथला आर्चबिशप धर्माचा प्रमुख तर होताच. शिवाय तो सारा वसूल करी, न्यायनिवाडा करी आणि सैन्यही बाळगी. आपल्या भाषेत बोलायचे, तर देवस्थान, जहागीर आणि कचेरी ही तिन्ही एकाच हाती!

आता कुळाच्या बाजूने विचार करा. धान्याचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा. जमिनीचा खंड वेगळा, वेठ वेगळी. रानातले लाकूड आणि ओढ्यातले मासे यांवरही धन्याचा हक्क. दक्षिण जर्मनीत अनेक ठिकाणी कूळ मेले, की गोठ्यातले उत्तम जनावर धनी घेऊन जाई. घरातला कर्ता गेला, पाठोपाठ दावणीची गायही गेली! गाऱ्हाणे सांगायचे कुणाला? जमीनदाराविरुद्ध धर्मगुरूकडे जावे, तर धर्मगुरू तोच!

१५२५ साली मेमिंगेन येथे शेतकऱ्यांची १२ कलमे लिहिली गेली. त्यांत धर्म बुडवण्याची भाषा नव्हती, बरे का! धान्याचा दशांश द्यायला त्यांची ना नव्हती. पण त्यातून गावाने निवडलेल्या पाद्र्याचे पोट आधी भरावे, एवढीच अट. जनावरांवरचा दशांश मात्र नको आणि गुलामीही नको. कारण ख्रिस्ताने सर्वांनाच सोडवले आहे. शेवटी तर त्यांनी असेही सांगितले, की एखादे कलम बायबलविरुद्ध ठरले, तर आम्ही ते मागे घेऊ.

त्याच वर्षी साल्झबुर्गचे शेतकरी आणि खाणकामगार उठले. आर्चबिशप मातेउस लांग टेकडीवरच्या किल्ल्यात अडकून पडला. जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत वेढा चालला आणि मग तह झाला. १५२६ साली लोक पुन्हा उठले. ते बंड मात्र शस्त्रबळाने चिरडले गेले. आर्चबिशपांचे राज्य पुढे थेट १८०३ पर्यंत टिकले.

मग शेतकऱ्यांच्या हाती काय लागले? फारसे काही नाही. पण त्यांचा सवाल साधा होता आणि तो विसरण्याजोगा नाही. बिशपच्या हातातली काठी ही मेंढपाळाची खूण. ती कळप राखण्यासाठी, की लोकर कातरून नेण्यासाठी?