चेंजओव्हरची कळ कुणाच्या हातात?

(कळसाडी, जि. नंदुरबार इथल्या महिला बैठकीतील भाषण)



आज बोलायचंय ते विजेबद्दल. हा बाप्यांचा विषय, आपल्याला त्यातलं काय कळतं, असं आपण लगेच म्हणतो. पण लाइन गेल्यावर अंधारात भाकरी कोण थापतं? रात्री उपकेंद्रात बाळंतीण अडली आणि दिवा गेला, तर कुणाच्या जिवावर बेतणार? मग हा विषय आपला नाही कसा?

2005 नंतरच्या भारनियमनाच्या दिवसांत गावोगाव इन्व्हर्टर आले. भारनियमन पुढे कमी झालं, पण सातपुड्याच्या पायथ्याशी पहिला वळवाचा पाऊस झाला की तारा आजही तुटतातच. घरात पेटी असते, बॅटरी असते. पण त्यावर कोणते पॉइंट घ्यायचे, हे वायरमन आणि घरधनी ठरवतात. ओसरीचा पंखा, टीव्ही. चुलीपुढचा दिवा आणि न्हाणीची वाट बहुधा राहून जाते.

थोडा हिशेब करू. बॅटरीवर 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तास लिहिलेलं असतं. गुणाकार केला की 1800 वॅट-तास. ही कागदावरची गोष्ट; हाती लागतात साधारण 1200. चार एलईडी दिवे 9 वॅटचे आणि दोन पंखे 75 वॅटचे मिळून 186 वॅट होतात. म्हणजे सहा तास. नुसते चार दिवे लावले तर तीस तासांच्या वर. शंभर वॅटच्या टीव्हीला लागते तेवढ्या विजेत असे अकरा दिवे जळतात. तेव्हा ‘स्वयंपाकघराचा दिवा घेतला तर बॅटरी पुरत नाही’ असं कुणी म्हणालं, तर हा हिशेब त्याच्यापुढे मांडा. बॅटरीत पाणी आपणच घालतो ना? मग पॉइंट ठरवतानाही आपल्याला विचारलं पाहिजे.

आता कळीची गोष्ट. घराला एका वेळी एकाच बाजूने वीज मिळाली पाहिजे. इन्व्हर्टर हे आपोआप करतो. लाइन असली की ती घराला देतो आणि बॅटरी भरतो. लाइन गेली की बॅटरीवर घेतो. पण यंत्रच बिघडलं, तर लाइन असूनही घर अंधारात राहतं. बऱ्याच यंत्रांच्या मागे ‘बायपास’ची कळ असते. इन्व्हर्टर बंद करून ती फिरवली की लाइन सरळ घरात येते. घरधनी कामासाठी गुजरातेत गेलेला असताना कितीजणी एवढ्याचसाठी रात्र अंधारात काढतात!

जनरेटर असेल तिथे चेंजओव्हर हवाच. त्याला तीन जागा असतात: एक, शून्य, दोन. आधी जड उपकरणं बंद करायची, मूठ शून्यावर आणायची, जनरेटर सुरू करायचा, मग दोनवर न्यायची. परतताना तसंच उलट. मधलं शून्य यासाठी, की दोन्ही विजा एकमेकींना भेटू नयेत. दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर भिंतीत खुपसायचा जुगाड कुणी करत असेल तर त्याला अडवा. घरातली वीज उलटी खांबावर जाते, डीपीतून 11,000 व्होल्टची होऊन पुढे जाते, आणि लाइन बंद आहे म्हणून वर चढलेला वायरमन जागीच मरतो. त्याचीही बायको घरी वाट पाहत असते.

बॅटरीजवळ चिमणी, काडी नेऊ नका. भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. ती हवेशीर जागी ठेवा. पाणी डिस्टिल्डच घाला, नळाचं नाही. आतलं पाणी आम्लाचं असतं. हातमोजे घाला, उडालं तर भरपूर पाण्याने धुवा.

उपकेंद्रातही हेच विचारायचं. बाळंतपणाच्या टेबलावरचा दिवा बॅटरीवर आहे का? बाळाला ऊब देणारं यंत्र शेकडो वॅट ओढतं. लहान इन्व्हर्टरवर ते चालत नाही, त्याची सोय वेगळी काय आहे? रात्री नर्सबाई एकटी असते. कळ कशी फिरवायची हे तिला कुणी दाखवलंय का? ग्रामसभेत हे तीन प्रश्न नावानिशी लिहून द्या.

शिक्षण नाही म्हणून मागे राहू नका. राजस्थानात तिलोनियाला 1972 साली सुरू झालेल्या संस्थेत शाळेचं तोंड फारसं न पाहिलेल्या बायका, आज्यासुद्धा, सौरदिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकल्या.

तेव्हा पुढच्या बचत गटाच्या बैठकीला वायरमनला बोलवा. आपापल्या घरातली कळ प्रत्येकीने दिवसाउजेडी, त्याच्यासमोर, एकदा स्वतःच्या हाताने फिरवून पाहा. सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून आपण झगडतोच. तोवर निदान घरातल्या उजेडाची किल्ली तरी आपल्याला ठाऊक असू द्या.