ज्येष्ठेजवळची निळी तारका

वैशाखांत मध्यरात्रीच्या सुमारास शिरूर-दौंडकडील उघड्या माळावर दक्षिणेस तोंड करून उभें राहिलें, म्हणजे वृश्चिक राशींतील तांबडी ज्येष्ठा चटकन् नजरेंत भरते. तिच्या दोन बाजूंस दोन फिकट तारका आहेत. जुन्या ज्योतिषांत या तिघी मिळून ज्येष्ठा नक्षत्र होतें. त्यांतील खालची, निळसर तारका दिसावयास क्षुल्लक. पण तिच्या पृष्ठभागाचें उष्णतामान ३०,००० अंशांहून अधिक, म्हणजे सूर्याच्या पांचपटींवर आहे. तिच्यांत कोणतें मूलद्रव्य किती, हें मोजलें गेलें आहे असें दौंडच्या फलाटावर खोळंबलेल्या उतारूस सांगितलें, तर त्यास ती थाप वाटेल. त्यांत त्याचा दोष नाहीं.

चुलींत मीठ पडलें कीं ज्वाला पिवळी होते. हा मिठांतील सोडियमचा रंग. प्रकाश त्रिकोणी कांचेंतून जाऊं दिला असतां रंगांचा पट्टा पसरतो आणि त्यावर प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा आपापल्या ठराविक जागींच उमटतात. ताऱ्याचा प्रकाश त्याच्या बाहेरच्या, किंचित् थंड वायूंतून येतांना नेमक्या त्याच जागीं शोषला जातो व रेषा काळ्या दिसतात. ही लिपी १८५९ सालीं किर्खोफ व बुन्सेन यांनीं उलगडली.

पुण्यानेंही ती वाचली आहे. सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं भावनगरच्या महाराजांच्या देणगीच्या आधारें १८८८ सालीं तेथें वेधशाळा स्थापिली. मृगांतील तेजोमेघाची हिरवी रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे, असें इंग्लंडांतील लॉकियर यांचें मत होतें. लॉकियर म्हणजे त्या काळचें मोठें प्रस्थ. तरीहि रेषा स्वच्छ व धारदार आहे, पट्ट्याचा तिला मागमूस नाहीं, असें नायगमवालांनीं १८९१ सालीं निर्भीडपणें छापिलें. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या प्राणवायूची, हें पुढें १९२७ सालीं बोवेन यांनीं दाखविलें. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणास नायगमवाला दौंडच्या पुढें, सोलापूरच्या लोहमार्गावरील जेऊर येथें तळ देऊन होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तेथेंच उतरले होते. १९१२ सालीं पुण्याची वेधशाळा बंद होऊन दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याचें हें नुकसानच म्हटलें पाहिजे.

मात्र द्रव्य ओळखणें निराळें व त्याचें माप घेणें निराळें. सूर्याच्या पट्ट्यांत लोखंडाच्या रेषांची दाटी आहे. निळ्या, तप्त ताऱ्यांत त्या बहुतेक नाहींशा होतात. म्हणून तेथें लोखंडच नाहीं असें म्हणणें, म्हणजे कडी लावलेलें दार पाहून घर कायमचें ओसाड ठरविणें होय. १९२० सालीं मेघनाद साहांनीं खरें कारण गणितानें दाखविलें. प्रखर उष्णतेनें अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात, अणूचा स्वभाव पालटतो आणि रेषाहि बदलतात. या सूत्राच्या आधारें सिसिलिया पेन या तरुण विदुषीनें १९२५ सालीं ताऱ्यांतील हायड्रोजनचें प्रमाण अफाट असल्याचें काढिलें. पण रसेल यांच्यासारख्या वडीलधाऱ्या शास्त्रज्ञांस तें पटेना, तेव्हां हा आकडा बहुधा खरा नसावा असें तिनें स्वतःच लिहून ठेविलें. आकडा खरा होता. चार वर्षांनीं रसेल यांनींही तें मान्य केलें.

ज्येष्ठेजवळच्या तारकेचा वर्णपट जर्मन शास्त्रज्ञ उन्सोल्ड यांनीं १९३९ सालीं अमेरिकेंतील टेक्सास येथें टिपला. महायुद्ध पेटलें असतां १९४१ ते १९४४ पर्यंत त्यांचें गणित प्रसिद्ध होत राहिलें. असल्या ताऱ्यांत दोन किंवा तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या सिलिकॉनच्या निरनिराळ्या रेषा असतात. त्यांची तुलना केली कीं उष्णतामान सांपडतें. तें हातीं आल्यावरच प्रत्येक रेषेचा काळेपणा व रुंदी यांवरून अणूंचा हिशेब लागतो; आधीं लावूं गेल्यास सगळाच फसतो. या पद्धतीनें त्या तारकेंत मुख्यतः हायड्रोजन, त्याखालोखाल हेलियम आणि इतर द्रव्यें थोडीं, पण जवळजवळ सूर्याच्याच प्रमाणांत निघालीं.