अटक, पोलीस आणि कलम 22



विहाराच्या वर्धापन दिनी पोलिसांचा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. पण वस्तीतल्या पोराला रात्री गाडीत घालून नेले की आई-बाप रडत कुठे येतात? इथेच, विहाराच्या पायरीवर. त्या वेळी "आता काय करायचं?" याचे उत्तर आपल्याजवळ तयार पाहिजे.

ते उत्तर बाबासाहेबांनी देऊन ठेवले आहे. व्यक्तिस्वातंत्र्याचे आजचे कलम 21 घटना समितीत मंजूर झाले तेव्हा त्यात 'कायद्याने ठरवलेली कार्यपद्धती' एवढेच शब्द राहिले. हे संरक्षण अपुरे आहे, असे अनेक सभासदांना वाटत होते. ती उणीव भरून काढण्यासाठी 15 सप्टेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी 15-अ हे नवे कलम मांडले. तेच आजचे कलम 22. अटकेची कारणे सांगितली पाहिजेत, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे, असे ते सांगते.

कुणी म्हणेल, हे तर फौजदारी कायद्यात आधीच होते! बाबासाहेबांनी तेव्हाच याचा खुलासा केला होता. साधा कायदा कायदेमंडळ रद्द करू शकते. तीच गोष्ट घटनेत घातली की कायदेमंडळावरच मर्यादा येते. त्यांची दूरदृष्टी आज पटते. 1 जुलै 2024 रोजी जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, पण कलम 22 जागचे हलले नाही.

आता व्यवहाराचे बोलू. 1996 साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना नियम घालून दिले. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव व हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. अटकेचा पंचनामा तारीख-वेळेसह जागेवरच व्हावा, त्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही असावी. घरच्यांना कळवले पाहिजे. कोठडीत दर 48 तासांनी डॉक्टरांची तपासणी झाली पाहिजे. नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले, की अटकेची कारणे लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यावी लागतात. तिथल्या तिथे देणे जमले नाही, तर रिमांडसाठी हजर करण्याच्या निदान दोन तास आधी तरी.

माय-बहिणींनी हे ध्यानात ठेवावे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची पूर्वपरवानगी लागते. साक्षीदार म्हणून विचारपूस करायची, तर बाईला तिच्या राहत्या घराबाहेर बोलावण्याची सक्ती करता येत नाही.

बळाचेही माप आहे. माणूस पळून जाऊ नये एवढ्यापुरतेच बंधन घालता येते. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यातल्या आरोपीला पकडताना त्याचा जीव घेण्याचा अधिकार कायदा पोलिसांना देत नाही. कोठडीत मारहाण करण्याची मुभा तर कुठल्याच कलमात नाही. माप सुटले की काय होते, हे आपल्या समाजाने 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पाहिले. बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर राज्य राखीव पोलीस दलाने केलेल्या गोळीबारात 10 जणांचे प्राण गेले. तो गोळीबार गुंडेवार चौकशी आयोगाने असमर्थनीय ठरवला. पण गेलेली माणसे अहवालाने परत येत नाहीत.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. प्रतिबंधक स्थानबद्धतेला हे 24 तासांचे आणि वकिलाचे संरक्षण लागू नाही, असे कलम 22 मध्येच लिहिले आहे. तिथे कारणे कळवणे आणि म्हणणे मांडण्याची संधी देणे बंधनकारक आहे. तीन महिन्यांवर ठेवायचे तर सल्लागार मंडळाचे मत लागते. त्यामुळे पोराला नेले की पहिला प्रश्न विचारा, "साहेब, अटक आहे की स्थानबद्धता?"

पोलिसांशी हुज्जत घालू नका, दगड तर उचलूच नका. नम्रपणे पण ठामपणे लेखी कारणे मागा. किती वाजता नेले ते लिहून ठेवा. कोऱ्या कागदावर सही करू नका. मॅजिस्ट्रेटपुढे मारहाण झाली असेल तर घाबरू नका, तिथेच सांगा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 15100 या क्रमांकावर फोन लागतो.

बंधू-भगिनींनो, घटनेची प्रत आपण घराघरांत पूजेसारखी ठेवतो. कलम 22 चे पान मात्र घडी पडेपर्यंत वाचलेले असू द्या. पोरांना ते शिकवा, पोरींना आधी शिकवा.

जयभीम! नमो बुद्धाय!