किल्ली ठेवताना

(नाशिक इथे झालेल्या कार्यकर्त्या मैत्रिणींच्या बैठकीतलं भाषण, थोडं आवरतं घेऊन.)



बैठकीचं बोलावणं घेऊन ताई आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "कशावर बोलशील?" मी म्हटलं, "मी एक काम सोडलं, त्यावर." त्या जरा गप्पच झाल्या. काम कसं उभं केलं हे आपण हौसेनं सांगतो. सोडलं, हे कोण सांगतं? आपल्यातली बाई काम सोडते ती लग्न होऊन, आजारी पडून, नाहीतर भांडून. मी यातलं काहीच केलं नाही. चार महिने आधी तारीख कळवली आणि त्या तारखेला थांबले. पण ती तारीख ठरवायलाच मला दोन वर्षं लागली, म्हणून बोलावंसं वाटलं.

मी डीटीपी करते. नाशकात प्रेसमध्ये आहे म्हटलं की लोकांना नोटांची प्रेस आठवते. आमची प्रेस साधी. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, तुमच्यातल्या काहींच्या पुस्तिकासुद्धा. जुने फॉन्ट सोडून आम्ही युनिकोडवर आलो, तेव्हा चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ येणं ही गोष्ट मराठीत पहिल्यांदा पाहिली. ती रेघ कुठून येते हे शोधताना कळलं की त्यामागे शब्दांची एक यादी असते. मी वापरत होते ती यादी स्वयंसेवकांनी, कुणाकडून पैसा न घेता केलेली होती. मी तिच्यात राहिलेले शब्द पाठवू लागले. यादी सांभाळणारा मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला आणि 2011 साली म्हणाला, "आता तुम्हीच बघा." अकरा वर्षं बघितली.

ओपन सोर्स हा शब्द काहींना नवा असेल. जात्यावरची ओवी आठवा. ती कुणा एकीच्या मालकीची नसते. ऐकावी, म्हणावी, आपली ओळ घालावी, पुढे द्यावी. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली, सॉफ्टवेअर असंच मोकळं असावं म्हणून ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला. 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचं लिनक्स आलं. आज जगातले बहुसंख्य सर्व्हर त्यावर चालतात. फरक एवढाच, की ओवीला राखणदार लागत नाही. सॉफ्टवेअरला लागतो. कुणी दुरुस्ती पाठवली तर ती तपासायची, घ्यायची की नाही ते ठरवायचं, आणि बिघडलं तर शिव्या खायच्या. त्याला मेंटेनर म्हणतात. म्हणजे सांभाळणारी.

आमची यादी हन्स्पेल नावाच्या प्रोग्रॅमसाठी होती. तो लास्लो नेमेथ यांनी मुळात हंगेरियन भाषेसाठी लिहिला. फायरफॉक्स, लिबरऑफिस यांतली शुद्धलेखनाची तपासणी त्यावर चालते. हंगेरियनमध्येही आपल्यासारखे प्रत्यय शब्दाला चिकटतात. नुसतं 'घर' नोंदवून भागत नाही. घरात, घराला, घरासमोरच्या, घरातल्यांनासुद्धा, हे सगळं नियमांनी सांगावं लागतं. त्यात 'शेतकऱ्यांना'. हा 'ऱ्य' संगणकात दोन तऱ्हांनी टाइप होतो. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. म्हणून आमच्या यादीत शेतकरी दोनदा. (कर्जमाफीच्या यादीत एकदा नाव यायची मारामार, इथे दोनदा!)

यादीतली खरी गंमत मात्र वेगळीच होती. माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात 'सौभाग्यवती' होती, 'परित्यक्ता' नव्हती. 'लिंगभाव' नव्हता, 'सरपंचबाई' नव्हती. एका संस्थेसाठी मी बायकांचे जबाब टाइप करत होते. 'मी सांगितलं', 'त्यानं मारलं', अशा प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ. कारण यादीला फक्त 'सांगितले', 'मारले' ठाऊक. बाई जशी बोलली तसं लिहिलं की संगणक म्हणणार, चूक. मी ती बोलीतली रूपं घातली. त्यावर पत्रं आली. साहित्य महामंडळाचे 1962 चे चौदा नियम आणि 1972 चे चार मला पुन्हा पुन्हा समजावण्यात आले. बोलणं जसंच्या तसं दाखवताना असा अनुस्वार चालतो, हे त्याच नियमांत आहे, एवढंच मी दर वेळी कळवत राहिले.

ही पत्रं 'सर' म्हणून येत. मी नावाची फक्त आद्याक्षरं लावत असे. बाई आहे हे कळल्यावर एकानं विचारलं, "तुमच्याकडे कुणी जाणकार आहे का?" तोवर तो तीन वर्षं माझीच उत्तरं घेत होता. राग आला, नवल वाटलं नाही. गिटहबनं 2017 साली केलेल्या पाहणीत ओपन सोर्समधल्या उत्तर देणाऱ्यांपैकी बायका 3 टक्के होत्या.

पण मी सोडलं ते यामुळे नाही. हे काम हळूहळू घरकामासारखं झालं होतं. केलं तर दिसत नाही, राहिलं तर सगळ्यांना दिसतं. सरकारच्या 2019 च्या वेळवापर पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात आणि करणारे पुरुष 97, असं निघालं. आपण इतकी वर्षं सभांतून तेच ओरडून सांगतोय. आणि मी काय करत होते? प्रेसचे आठ तास, मग स्वयंपाक, मग रात्री अकराला आणखी एक बिनपगारी काम, आपण होऊन अंगावर घेतलेलं. याला मी चळवळ म्हणत होते. ते खोटंही नव्हतं.

2020 साली सासूबाई दवाखान्यात होत्या. रात्री निरोप आला: नव्या यादीनं आमच्या अहवालात गोंधळ घातलाय, उद्या छपाईला जायचंय, अजून कसं दुरुस्त नाही? मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून फोनवरच दुरुस्ती केली. त्या माणसाचा मला राग नाही, त्याला काय माहीत मी कुठे आहे. मला खटकलं ते हे, की "आज जमणार नाही" असं लिहिणं मला सुचलंसुद्धा नाही.

सोडावं असं मनात आलं की लगेच वाटायचं, मग बघणार कोण? हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. सल्ला केंद्राच्या कपाटाची किल्ली वीस वर्षं एकीच्याच कनवटीला असते. कुठल्या फाइलमध्ये काय आहे ते तिलाच ठाऊक. तिला आपण आधारस्तंभ म्हणतो आणि तिच्या गुडघेदुखीचं पाहायचं राहून जातं. मोठ्या माणसांनाही हे सुटलेलं नाही. पायथन ही संगणकाची भाषा करणारे गीदो व्हान रॉसम यांनी जुलै 2018 मध्ये, एका बदलावरच्या कडाक्याच्या वादानंतर, निर्णयाची गादी सोडली. वारस नेमला नाही, तुमचं तुम्ही ठरवा म्हणाले. लोकांनी 2019 मध्ये पाचजणांचं मंडळ निवडून दिलं. त्यात कॅरल विलिंग ही एक बाई होती. गीदोही निवडून आले, पण पाचातले एक म्हणून. हे वाचून मला धीर आला आणि हसूही आलं. त्यांच्यामागे निवडणूक घ्यायला माणसं होती. माझ्यामागे कोण होतं?

एकजण होता. फार उत्साही. दोनचार दुरुस्त्या पाठवून त्यानं थेट सगळ्या किल्ल्या मागितल्या. "ताई, तुम्ही दमलात, मी घेतो." इतकं गोड मला घरात कुणी बोललं नव्हतं. मी जवळजवळ दिल्याच होत्या. मग म्हटलं, सहा महिने शब्द तपासून दाखव. तो पुन्हा फिरकला नाही. कदाचित भला माणूसही असेल. पण मार्च 2024 मध्ये एक्सझेड प्रकरण उघड झालं आणि मला त्याची आठवण आली. फायली दाबून लहान करणारं हे छोटं सॉफ्टवेअर फिनलंडचे लासे कोलिन वर्षानुवर्षं फुकट सांभाळत होते. काम मागे पडतंय म्हणून 2022 साली अनोळखी नावांनी त्यांच्यावर दबाव आला. आपल्या मनाची तब्येत बरी नसते, हे त्यांनी तेव्हा लिहिलं होतं. मदतीला 'जिया टॅन' नावानं कुणी आलं, दोनेक वर्षं नेमानं काम केलं, विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरवाट बसवली. ती सापडली, कारण आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एकाला लॉग-इनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा संशय आला. म्हणजे सहा महिन्यांची माझी अटही पुरली नसती. दमलेल्या माणसाच्या दारात कोण उभं राहतं आणि आपण त्याला एकटं का दमू देतो, हे मी तेव्हापासून जास्त विचारते.

शेवटी मी काय केलं? वही घेतली. डोक्यात होतं ते सगळं लिहून काढलं. शेतकरी दोनदा का, 'परित्यक्ता' केव्हा आली, कुठला नियम घाईत केलाय आणि कधीतरी फुटणार आहे. चाळीस पानं झाली. त्यातली दहा 'इथे मी चुकले' अशी होती, ती लिहायला सर्वांत वेळ लागला. किल्ली दोघींना दिली, एकीला नाही. एक शाळेत शिकवते. दुसरी कळवणची, मुक्त विद्यापीठातून शिकलेली. ती मला अहिराणी शब्द पाठवायची आणि मी ते प्रमाण मराठीची यादी आहे म्हणून परत करायची. बोलीसाठी भांडणारी मी! तिनं हे मला तोंडावर सांगितलं होतं, म्हणून तिला विचारलं. तारीख टाकली: 31 मार्च 2022. त्या रात्री माझा प्रवेश मीच काढून टाकला, नाहीतर मी गुपचूप जाऊन दुरुस्त्या केल्या असत्या. मला मी ओळखते.

पहिल्या महिन्यात त्यांनी माझा एक लाडका नियम काढला. मी जीभ चावून बसले. रात्री अकराला हात मोकळे असायचे आणि काय करावं ते कळायचं नाही. पंधरा दिवस नुसती चिडचिड केली, मग झोपायला लागले.

गेल्या वर्षी एका पुस्तिकेचं काम करताना एक शब्द यादीत नाही असं दिसलं. मी साध्या वापरणारीसारखा तो पाठवला. कळवणच्या पोरीनं परत केला. "ताई, शब्द वापरलेलं एक वाक्य जोडा, त्याशिवाय घेत नाही." नियम माझाच, वहीत बाराव्या पानावर आहे. मी वाक्य जोडून पाठवलं. तीन आठवड्यांनी घेतला.