मेंदूची दुखापत आणि चिनी औषधी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वैद्य नाही, डॉक्टर तर नाहीच. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक या विषयावर बोलावयास का उभा राहिला, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे कारण प्रथम सांगतो.

गेल्या वर्षी आपल्याच ज्ञातीतील एक तरुण दुचाकीवरून पडला. डोक्याला जबर मार बसला. शस्त्रक्रिया होऊन जीव वाचला, परंतु वाचा गेली आणि उजवा हात लुळा पडला. पुढे कोणीतरी त्याच्या वडिलांच्या कानावर घातले की, चीनमध्ये अशा रोग्यास पूर्ववत करणारी एक गोळी मिळते. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, घरातला दागिना मोडू का?" मला उत्तर देता येईना. म्हणून मी वाचावयास लागलो. जे हाती लागले ते आज आपणापुढे ठेवीत आहे.

ज्या गोळीची ही कीर्ती, तिचे नाव 'आनगोंग नियूहुआंग'. वू जूतोंग नावाच्या वैद्याने इ.स. १७९८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात ती आढळते. तिच्यातील द्रव्ये आपणांस परकी वाटणार नाहीत : गोरोचन, कस्तुरी, मोती, हिंगूळ, मनशीळ आणि काही वनस्पती. पूर्वी तीत गेंड्याचे शिंगही पडत असे. १९९३ साली चीनने त्याच्या व्यापारावर बंदी घातली, तेव्हापासून म्हशीच्या शिंगाचा उपयोग करितात. मूळ ग्रंथात ही गोळी सांगितली आहे ती तीव्र ज्वरात भ्रम व बेशुद्धी आल्यास. डोक्याच्या दुखापतीसाठी तिचा उपयोग पुढे सुरू झाला.

तिचे नाव गाजले ते एका अपघातामुळे. १० मे २००२ रोजी इंग्लंडात पॉटर्स बार येथे आगगाडीला अपघात होऊन सात माणसे दगावली. हाँगकाँगच्या फीनिक्स दूरचित्रवाणीवरील वृत्तनिवेदिका लिऊ हायरुओ यांना त्यात अत्यंत गंभीर इजा झाली. त्या वाचण्याची आशा सुटली, अशा वार्ता पसरल्या होत्या. जूनमध्ये त्यांना विमानाने बीजिंगच्या शुआनवू रुग्णालयात नेले. तेथे त्या हळूहळू शुद्धीवर आल्या, आणि लोकांनी याचे श्रेय त्या गोळीस दिले. परंतु त्याच रुग्णालयात नामांकित मेंदूशल्यचिकित्सक, अतिदक्षता विभाग आणि आधुनिक औषधे हीही त्यांच्या सेवेस होती. पाच जणांनी मिळून गाडा ओढला असता एकाच्याच गळ्यात हार घालणे न्याय्य होईल काय?

चिनी वैद्यकात अशी शंका घेणारे पुरुष झाले नाहीत, असे मात्र समजू नये. वांग चिंगरेन (१७६८-१८३१) यांना ग्रंथांतील शरीररचनेची चित्रे पटेनात. १७९७ च्या साथीत मेलेल्या मुलांची उघडी पडलेली प्रेते त्यांनी स्वतः जाऊन पाहिली आणि जुन्या चित्रांतील चुका १८३० च्या आपल्या ग्रंथात प्रकट केल्या. स्मृतीचे स्थान हृदय नसून मेंदू आहे, असे त्यांनी निक्षून सांगितले. अर्धांगवायूवर त्यांनी सात द्रव्यांचा एक काढा दिला आहे. त्यात गांडूळ आहे, आणि आपल्या शेतात पिकणाऱ्या करडईचे फूलही आहे. चीनमध्ये हा काढा आजही देतात, आणि त्याच्या परिणामांचा अभ्यासही चालू आहे.

मग यांपैकी कशाने गुण येतो, हे ठरवावयाचे कसे? रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावयाचे. एकास खरे औषध द्यावयाचे, दुसऱ्यास हुबेहूब तसेच दिसणारे निरुपयोगी द्रव्य. आणि कोणास काय दिले हे रोगी व डॉक्टर या दोघांनाही कळू द्यावयाचे नाही. मेंदूत रक्तस्राव झालेल्या सोळाशेंहून अधिक रोग्यांवर चीनमधील २६ रुग्णालयांत अशी परीक्षा झाली. जिनसेंग, रेवाचिनी इत्यादींच्या अर्काचे ते औषध होते. २०२४ साली निकाल प्रसिद्ध झाला : नव्वद दिवसांनंतर दोन्ही गटांत सुधारणा सारखीच. हा निकाल चिनी संशोधकांनीच जगापुढे ठेविला, हे विशेष.

ही कसोटी केवळ पूर्वेकडील औषधांचीच उणीव दाखविते, असेही नाही. डोक्याला मार लागल्यावर स्टेरॉइड देण्याची पद्धत पाश्चात्त्य वैद्यकात अनेक वर्षे रूढ होती. १०,००८ रोग्यांवर परीक्षा झाली, आणि २००४ साली असे दिसून आले की, पहिल्या पंधरवड्यात औषध न मिळालेल्या शंभरांतील सुमारे १८ दगावले, तर मिळालेल्यांतील २१! उलट, चौथ्या शतकातील एका चिनी ग्रंथातील सूचनेवरून तू यूयू यांनी हिवतापावरील औषध शोधिले आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तात्पर्य, औषध पूर्वेचे की पश्चिमेचे, जुने की नवे, हा प्रश्न गौण होय. परीक्षेस उतरले काय, हाच खरा प्रश्न.

आता घरोघरी उपयोगी पडेल असे थोडे सांगतो. डोक्याला मार लागून उलट्या, झोपाळूपणा, अडखळते बोलणे किंवा वाढती डोकेदुखी दिसल्यास घटकाभरही न दवडता रुग्णालय गाठावे; त्या वेळी काढा नको, गोळी नको. हिंगुळात पारा आणि मनशिळेत सोमल असतो, हे विसरू नये. दानशेन या चिनी मुळीने रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढतो. म्हणून कोणतीही जडीबुटी डॉक्टरांपासून लपवून देऊ नये. आणि मुलांनो, दुचाकीवर बसताना शिरस्त्राण घाला व त्याचा पट्टा आवळा. त्याइतके स्वस्त औषध दुसरे नाही.

त्या वडिलांना मी अखेर सांगितले की, दागिना मोडावयाचाच असेल तर व्यायामोपचार आणि वाचोपचार यांसाठी मोडा. त्यांनी ते मानले. मीही रोज सायंकाळी पाटी घेऊन त्यांच्या घरी जाऊ लागलो. ज्या मुलास मी एकदा मुळाक्षरे शिकविली होती, त्यास ती पुन्हा शिकविली. आज तो डाव्या हाताने आपले नाव लिहितो आणि आईला हाक मारितो. यात माझ्या पाटीचा वाटा किती, उपचारांचा किती आणि काळाचा किती, हे मी सांगू शकत नाही. गोळीला जो नियम लाविला, तोच मला माझ्या पाटीलाही लाविला पाहिजे.